अंबाजोगाईच्या गच्चीवरून आकाशगंगा नारिंगी का येते?

विचारणा थोडक्यात अशी: अंबाजोगाईत घराच्या गच्चीवरून कॅनन १५००डी आणि सोबत आलेल्या १८-५५ लेन्सने आकाशगंगेचे फोटो काढले. ३० सेकंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४००, ऑटोफोकस. आकाश नारिंगी आलं, तारे ठिपक्यांऐवजी बारीक रेघा झाले आणि बरेचसे वाटोळे फुगले. आता ट्रॅकर (ताऱ्यांसोबत कॅमेरा फिरवणारं साधन) घ्यावा की फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, कॅमेरा?

दोन्ही नको, निदान या उन्हाळ्यात तरी नको. तुमच्या फोटोत तीन वेगळे दोष आहेत. नारिंगी रंग जागेमुळे आणि दिशेमुळे आला, रेघा वेळेमुळे आणि फुगवटा फोकसमुळे. दोन लाखांचा कॅमेरा आणला तरी हे तिन्ही दोष त्यात जसेच्या तसे येतील. ते काढल्यावरही तुमच्या फोटोत आणि तुम्ही पाहिलेल्या चांगल्या फोटोंत जो फरक उरेल, तो बहुतेक फ्रेमच्या संख्येचा असेल. लोक एक फोटो दाखवतात, पण त्याच्या पोटात साठ-सत्तर फोटो असतात.

आधी दिशा पाहू. आकाशगंगेचा सर्वांत दाट भाग, म्हणजे तिचा गाभा, धनू राशीत, वृश्चिकाच्या नांगीला, म्हणजे मूळ नक्षत्राला लागून आहे. आपल्या अक्षांशावरून तो दक्षिणेला क्षितिजापासून सुमारे ४२ अंश वर चढतो. लंडनहून तोच भाग १० अंशांच्याही वर येत नाही. त्यामुळे आकाशाच्या बाबतीत मराठवाड्याने तक्रार करू नये. अडचण वेगळीच आहे. हा भाग आग्नेयेला उगवतो आणि अंबाजोगाईहून दक्षिण-आग्नेयेला सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटरवर लातूर आहे. म्हणजे तुम्ही गावाच्या दिव्यांत उभे राहून, लातूरच्या उजेडाच्या घुमटातून आकाशगंगा टिपत होता. वर गल्लीतला एलईडी आणि चौकातला हायमास्ट.

म्हणून जागा निवडताना एकच नियम पाळा: मोठं गाव आपल्या उत्तरेला, पाठीमागे राहिलं पाहिजे. लातूरकरांनी औसा-निलंग्याच्या पलीकडे जावं. तुमच्यासाठी धारूरकडचा बालाघाटाचा माळ बरा. लातूर तिथूनही आग्नेयेलाच राहतं, पण अंतर साठ-सत्तर किलोमीटर होतं आणि उजेडाचा पट्टा क्षितिजाला चिकटून राहतो. परळीच्या वीज केंद्राचा उजेड पाठीमागे किंवा डावीकडे जातो, त्याचा त्रास नाही. पवनचक्क्यांचे लाल दिवे मात्र फ्रेममध्ये येणार नाहीत हे दिवसाच पाहून ठेवा. ‘लाइट पोल्यूशन फिल्टर’वर पैसे घालू नका. जुन्या सोडियम दिव्यांचा पिवळा प्रकाश मोजक्याच रंगांत असायचा, तो फिल्टरला अडवता यायचा. पांढऱ्या एलईडीचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला असतो, त्यापुढे फिल्टरचं फारसं चालत नाही.

तारीख ठरवायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं, फक्त ते जरा वेगळ्या रीतीने वाचायला हवं. ‘अमावास्येच्या आसपास जा’ हा सल्ला अर्धाच आहे. २१ मार्चच्या सुमारास आकाशगंगेचा गाभा रात्री १ च्या आसपास उगवतो, २० एप्रिलला ११ वाजता आणि मेच्या मध्याला साडेनऊच्या आत. म्हणजे महिन्याला दोन तास अलीकडे. आता हे तिथीशी जोडा. फाल्गुन-चैत्रात काम मध्यरात्रीनंतरचं आहे, तर शुद्ध पक्षातल्या सप्तमीपर्यंतच्या रात्रीही चालतात. चंद्र मध्यरात्रीच्या आसपास मावळतो आणि पुढे पहाटेपर्यंत काळोख आपलाच. पण त्याच महिन्यांत वद्य दशमी-एकादशीला गेलात तर ऐन कामाच्या वेळी चंद्र उगवेल. वैशाखात उलट होतं. गाभा रात्री लवकर वर येतो, म्हणून वद्य नवमीनंतरच्या रात्री, चंद्रोदयापर्यंत, उत्तम. जूनमध्ये गाभा रात्रभर आकाशात असतो आणि नेमके तेव्हाच ढग येतात; त्याला इलाज नाही. पाऊस उघडल्यावर ऑक्टोबरमध्ये एक छोटी संधी मिळते. सव्वासातला पुरता अंधार होतो, तेव्हा गाभा नैर्ऋत्येला पंचवीस-तीस अंशांवर असतो आणि पावणेदहापर्यंत मावळतो. हवा धुतलेली असते, पण दव पडतं.

सूर्य मावळला की अंधार झाला असं समजू नका. आपल्याकडे पुरता काळोख व्हायला सूर्यास्तानंतर सव्वा तास लागतो. एप्रिल-मेमध्ये दिवसभराची धूळ खालच्या थरात तरंगत असते. वळवाची सर येऊन गेली की दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीचं आकाश उन्हाळ्यातलं सर्वांत स्वच्छ असतं. अशी रात्र शनिवारची वाट पाहत दवडू नका.

आता फोकस. सगळ्यात जास्त फोटो इथेच वाया जातात.

ताऱ्यावर ऑटोफोकस बसत नाही. लेन्स पुढेमागे घुमते आणि कुठेतरी थांबते. बरेच जण मग मॅन्युअल करून रिंग शेवटपर्यंत फिरवतात, ‘अनंत म्हणजे टोक’ असं धरून. रिंग अनंताच्याही थोडी पुढे जाते. तापमानाने लेन्सचे भाग कमीजास्त होतात, त्यासाठी ती जागा सोडलेली असते. टोकाला फोकस ठेवला की प्रत्येक तारा लहानशा मेदूवड्यासारखा येतो. तुमचे फुगलेले तारे तेच आहेत.

पद्धत अशी. लेन्सवरचं बटण एमएफवर (मॅन्युअल फोकस), स्टॅबिलायझर बंद. झूम आधी १८ वर आणा आणि मगच फोकस करा. ५५ वर फोकस करून झूम मागे घेतलं तर या लेन्समध्ये फोकस सरकतो. अ‍ॅपर्चर ३.५. लाइव्ह व्ह्यू चालू करा, तेवढ्यापुरता आयएसओ ६४०० आणि शटर ३० सेकंद ठेवा, म्हणजे स्क्रीन उजळते. एखादा ठळक तारा घ्या: चैत्र-वैशाखात स्वाती, हिवाळ्यात व्याध. तो फ्रेमच्या अगदी मध्यावर न ठेवता मध्यापासून कडेकडे एक तृतीयांश अंतरावर ठेवा, कारण स्वस्त लेन्सचा मध्य आणि कडा एकाच वेळी नेमक्या बसत नाहीत. असं केल्याने दोन्हीकडे थोडं थोडं जमतं. दहापट मोठं करून पाहा. रिंग केसभर फिरवा. तारा लहान होत जाईल, मग पुन्हा मोठा होऊ लागेल. तो बिंदू ओलांडून परत मागे या. नेमकी जागा ओळखायची खूण ठळक ताऱ्यात शोधू नका, त्याच्या शेजारी पाहा: फोकस बसला की आजवर न दिसलेला एखादा मंद तारा स्क्रीनवर उमटतो आणि रिंग जराशी हलली की विझतो. तो दिसत असेल तिथे थांबा. दुसरी खूण रंगाची. फोकस एका बाजूला चुकला तर ताऱ्याला लालसर कड येते, दुसऱ्या बाजूला निळसर-जांभळी.

मग रिंगवर कागदी मास्किंग टेप लावा. सेलोटेप नको, आपल्या उन्हाळ्यात त्याचा गोंद रिंगवर राहतो. लेन्स एसटीएम प्रकारची असेल तर टेपचा उपयोग नाही, तिची रिंग मोटरला नुसता इशारा देते. कॅमेरा झोपून उठला की फोकस पुन्हा तपासा, आणि ऑटो पॉवर ऑफ बंदच ठेवा. एक फोटो काढून तो पूर्ण मोठा करून पाहा. दर अर्ध्या-पाऊण तासाने हेच पुन्हा करा, कारण रात्र थंड होते तसा फोकस सरकतो. कोपऱ्यातले तारे पंख पसरलेल्या पाखरासारखे दिसले तर घाबरू नका. तो लेन्सचा स्वभाव आहे, फोकसचा दोष नाही. अ‍ॅपर्चर ४ केलं तर थोडं सुधारतं.

रेघांचं गणित सोपं आहे. आकाश सेकंदाला १५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतं आणि तुमच्या कॅमेऱ्यात १८ मिमीला एक पिक्सेल सुमारे ४३ विकलांचा आहे. ३० सेकंदांत तारा दहा पिक्सेल चालतो, मग रेघ येणारच. जुना ‘५०० चा नियम’ (फोकल लांबीला १.६ ने गुणायचं आणि त्या गुणाकाराने ५०० ला भागायचं) १७ सेकंद सांगतो, पण तो फिल्मच्या काळातला आहे आणि २४ मेगापिक्सेलला सैल पडतो. १३ सेकंद धरा. ध्रुवाच्या बाजूला तारे संथ फिरतात, तिथे २० सेकंदही खपतात. पुढे कधी ५० मिमीची लेन्स लावलीत तर ४ सेकंदांच्या पुढे जाऊ नका. आयएसओ १६०० पुरे, माळावर फार तर ३२००. फोटो स्क्रीनवर अंधारा वाटेल. स्क्रीनवर विसंबू नका, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) पाहा: डोंगर डाव्या कडेला चिकटलेला नको, पाव ते तिसऱ्या हिश्शात हवा. गावातल्या गच्चीवर हाच डोंगर उजवीकडे पळतो. ६४०० वर तुम्ही तारे उजळवत नव्हता, लातूरचे दिवे उजळवत होता. फॉरमॅट रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल.

१३ सेकंदांचा एकच फोटो दाणेदार येईल. म्हणून ६० काढा. दाणा फ्रेमच्या संख्येच्या वर्गमुळाने घटतो: १६ फ्रेमला चौपट कमी, ६४ ला आठपट. इथेच थांबायचं कारणही त्याच गणितात आहे. ६४ वरून १२८ केले तरी फायदा दीडपटीहूनही कमी. एवढे फोटो काढायला अडीच मिमी जॅकचा टायमर रिमोट घ्या. साधा बटणाचा असला तरी ड्राइव्ह सलग ठेवून बटण लॉक केलं की एकामागून एक फोटो पडत राहतात. ‘लाँग एक्स्पोजर नॉइझ रिडक्शन’ बंद असल्याची खात्री करा. ते चालू असेल तर कॅमेरा प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ झाकल्या डोळ्याने एक काळा फोटो काढतो आणि अर्धी रात्र त्यात जाते.

ते काम आपण शेवटी एकदाच करू. निघताना लेन्सला टोपी लावा आणि त्याच आयएसओवर, तितक्याच सेकंदांचे १५-२० काळे फोटो काढा. यांना डार्क फ्रेम म्हणतात. आपल्याकडे उन्हाळ्यात हे टाळू नका. सेन्सरची उष्णतेची गळती तापमान साधारण ६-७ अंश वाढलं की दुप्पट होते. मेमधली २९ अंशांची रात्र आणि डिसेंबरमधली १३ अंशांची रात्र यांत ती पाचपट तरी फरक पाडते. डार्क घरी येऊन पंख्याखाली काढू नका. ते माळावरच, त्याच हवेत काढायचे. रॉ फोटो सव्वाशे धरले तरी चार जीबीत बसतात.

घरी आल्यावर हे फोटो सॉफ्टवेअरमध्ये एकत्र जोडायचे. फोटोत नुसतं आकाश असेल तर डीप स्काय स्टॅकर किंवा सिरिल वापरा. खाली झाड, देऊळ, डोंगर असेल तर सीक्वेटर, कारण त्यात आकाशाचा भाग रंगवून दाखवता येतो आणि जमीन स्थिर राहते. डीप स्काय स्टॅकरमध्ये असा फोटो टाकला की तारे जुळतात आणि देवळाचा कळस फराटा होऊन येतो. तिन्ही फुकट आहेत. फ्रेम जोडताना सरासरीऐवजी कप्पा-सिग्मा ही पद्धत निवडली तर विमानं आणि उपग्रहांच्या रेघा आपोआप पुसल्या जातात. त्यासाठी निदान १५ फ्रेम हव्यात. उरलेला नारिंगी पट्टा सिरिलच्या बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शनने काढा. रंग भडक करायचा मोह आवरा. आकाशगंगा जांभळी नसते.

तिवईबद्दल एवढंच: उन्हाळ्यात माळावर वारं सुटतं. मधला दांडा वर काढू नका, पाय पसरून ठेवा. बॅग टांगली तर ती जमिनीला टेकेल इतकी खाली टांगा, नाहीतर लोंबकळून तीच तिवई हलवते. वजनासाठी अंधारात दगड उचलू नका. माळावरच्या दगडाखाली विंचू असतो, आणि फुरसंही.

ट्रॅकरचं म्हणाल तर तो हाताने करता येतो आणि एकदा करून पाहावाच. दोन फळ्या, एक बिजागरी, एक बोल्ट. बिजागरीच्या अक्षापासून बोल्टपर्यंतचं अंतर हाच त्यातला जीव. ६ मिमीचा बोल्ट असेल, आटे १ मिमी अंतराचे, तर हे अंतर २२८ ते २२९ मिमी. हार्डवेअरच्या दुकानात मात्र अनेकदा सुताच्या मापाचा बोल्ट हाती पडतो. दोन सुती, म्हणजे इंचाला २० आट्यांचा असेल, तर अंतर २९० मिमी. कॅमेऱ्याच्या तळाचा स्क्रूही दोन सुतीच असतो, त्यामुळे दोन्ही एकत्र घेता येतात. मापं अदलाबदल झाली की वेग चौथ्या हिश्शाने चुकतो आणि मग दोष सुताराला देऊन भागत नाही.

या मापाला बोल्ट मिनिटाला एक फेरा फिरला की वरची, कॅमेरा बसवलेली फळी पृथ्वीच्या वेगाने उघडते. दाते असलेला नट खालच्या फळीत ठोका, बोल्ट खालून घाला आणि त्याच्या डोक्याला बरणीचं झाकण चिकटवा. झाकणावर बारा खुणा करा आणि घड्याळाच्या सेकंदकाट्यासोबत सावकाश फिरवत राहा, खालून पाहताना घड्याळाच्याच दिशेने. थांबून थांबून पाव पाव फेरा दिला तर १८ मिमीला चालून जातं, ५० मिमीला तारे ठेचकाळतात. उत्तरेकडे तोंड करून बिजागरी डाव्या हाताला, बोल्ट उजव्या. बिजागरीच्या अक्षाला समांतर शीतपेयाची नळी चिकटवा आणि नळीतून ध्रुव दिसेल असं सगळं टेकवा. अंबाजोगाईला हा कल पावणेएकोणीस अंशांचा, संभाजीनगरला जवळपास वीस. ध्रुव खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त हटलेला आहे, पण ५० मिमीपर्यंत आणि मिनिटभराच्या फोटोला तेवढी चूक माफ आहे. खरी अडचण ध्रुव सापडण्याची. आपल्याकडे तो इतका खाली असतो की धुरळ्यात आणि गावच्या उजेडात हरवतो. वसंतात सप्तर्षींच्या पहिल्या दोन ताऱ्यांची रेघ ओढून शोधा, हिवाळ्यात शर्मिष्ठेवरून. या ट्रॅकरवर मिनिटभराचे वीस फोटो म्हणजे तेरा सेकंदांच्या साठ फोटोंहून जास्त प्रकाश, पण जमीन पुसट येते. तिचा वेगळा फोटो घ्यावा लागतो.

ध्रुव खाली असण्याचा फायदाही घ्या. १८ मिमीला आडव्या फ्रेमची उंची ४५ अंश असते. तेव्हा जमीन, कळस आणि ध्रुवाभोवतीची वर्तुळं एकाच चौकटीत सहज बसतात. ३० सेकंदांचे १२० फोटो, मध्ये कमीत कमी खंड, म्हणजे तासाभरात १५ अंशांची कमान. जोडायला स्टारस्टॅक्स हे सॉफ्टवेअर. याला फोकसखेरीज काहीच लागत नाही, त्यामुळे पहिल्या रात्री हेच करा. त्रिशंकू टिपायचा असेल तर मेच्या मध्याला रात्री सव्वानऊच्या सुमारास दक्षिण क्षितिज मोकळं असलेली जागा धरा. त्याचा मध्य अकरा अंशांच्या आसपासच राहतो.

जागेबद्दल शेवटचं, पण महत्त्वाचं. पुरातत्त्व खात्याचे किल्ले-लेणी सूर्यास्ताला बंद होतात, अभयारण्यात रात्री प्रवेश नसतो आणि धरणाच्या भिंतीवर तिवई लावलीत तर पहारेकरी उठवणारच. सर्वांत सोयीचा ओळखीच्याचा आखाडा. दिवसा एकदा जाऊन या. बिनकठड्याची विहीर कुठे आहे, मोटारीच्या पेटीवरचा बल्ब कोणत्या दिशेला आहे, रात्रीच्या पाळीला लाइट आली की तो आपोआप लागतो का, हे पाहा. बल्बवर पोतं टाकायची परवानगी आधीच घ्या. उन्हाळी भुईमूग किंवा ऊस असेल तर रानडुकरांसाठी कुणी धुऱ्यावर तारेत करंट सोडतो का, हे स्पष्ट विचारा. ते बेकायदा आहे, तरीही सोडतात. अंधारात पिकाच्या कडेने चालू नका, पायवाटेवरच राहा, बूट घाला. गावच्या पोलीस पाटलाला फोन करून ठेवा. मध्यरात्री माळावर लाल उजेडाची बॅटरी घेऊन उभा असलेला अनोळखी माणूस कुणालाही चोर वाटतो, आणि आकाशात ड्रोन फिरत असल्याच्या अफवा उठलेल्या असतील तर विचारायलाच नको. तारे दाखवायचा हिरवा लेझर घरीच ठेवा.

पैसे घालायचेच असतील तर क्रम असा: टायमर रिमोट, दुसरी बॅटरी (लाइव्ह व्ह्यू ती लवकर संपवतो), ऑक्टोबर-डिसेंबरसाठी लेन्सला गुंडाळायचा यूएसबीवरचा हीटर, मग ५० मिमी एफ १.८. ही लेन्स आकाशासाठी २.८ वर वापरा, पूर्ण उघडी ठेवली तर ताऱ्यांना जांभळी झालर येते. घरात ५५-२५० लेन्स असेल तर ती विकू नका. फळीच्या ट्रॅकरवर ती पेलणार नाही, पण तिवईवर २५० मिमीला अष्टमीच्या चंद्राचे खड्डे छान येतात. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर ८, १/६० सेकंदापासून सुरुवात करा. आणि तो मात्र गच्चीवरूनही येतो.